हॉफमन, अर्डनेस की ह्यूगार्ड-ब्राउ? पत्त्यांची विसरलेली हातचलाखी कुठल्या पुस्तकातून शिकायची

पत्त्यांची जादू थोडीफार हाताला लागली, डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं) बऱ्यापैकी बसली, की एक दिवस कंटाळा येतो. जो तो व्हिडिओत तीच दहा-बारा तंत्रं शिकवत असतो. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "जुनी पुस्तकं वाच, तिथे खजिना पडलाय." खजिना आहे हे खरं. त्यातली निम्मी नाणी आज बाजारात चालत नाहीत, हे सांगायचं मात्र तो विसरतो.

मी सहा वर्षं हा उद्योग करतोय. पोटासाठी नाही, हौसेसाठी. सोसायटीचा गणपती, लग्नाच्या आदल्या रात्री जागणारी पाहुणेमंडळी, पावसात वीज गेली की घरातली चार डोकी, एवढाच माझा प्रेक्षक. शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे जुन्या इंग्रजीशी झटापट ठरलेली. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी मतं या जागेवरून दिलेली आहेत. ज्याला रंगमंचावर उभं राहायचंय त्याचं गणित वेगळं असेल.

तीन पुस्तकांतून निवड करायची आहे असं धरू. प्रोफेसर हॉफमनचं 'मॉडर्न मॅजिक', १८७६. एस. डब्ल्यू. अर्डनेसचं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल', १९०२. आणि जीन ह्यूगार्ड व फ्रेडरिक ब्राउ यांचं 'एक्स्पर्ट कार्ड टेक्निक', १९४०. चौथं एक आहे, पण ते मागच्या दाराने येईल.

तिन्हींत आज कुणी फारशी न वापरणारी तंत्रं आहेत. ती मागे पडली त्याची कारणं मात्र वेगवेगळी आहेत आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. हॉफमनमधली तंत्रं मागे पडली कारण पत्ते बदलले, दिवाणखाने बदलले. अर्डनेसमधली मागे पडली कारण ती मुळात जादूसाठी नव्हतीच, जुगाराच्या टेबलावर बसलेल्या माणसासाठी होती. आणि ह्यूगार्ड-ब्राउंकडची हरवली ती गर्दीत. एकाच कामाच्या इतक्या रीती एकापाठोपाठ दिल्या आहेत की सहावीपर्यंत कुणी पोचतच नाही.

एकच काम, तीन उत्तरं

पुस्तकं शेजारी ठेवून बघायची तर सगळ्यांना एकच काम द्यावं. प्रेक्षकाने पत्ता काढला, बघितला, कॅटच्या मध्ये परत ठेवला. आता तो कुणाला न कळता वर आणायचाय.

हॉफमनचं उत्तर 'पास'. पत्ता परत येताना त्याच्यावरच्या गठ्ठ्याखाली डाव्या हाताची करंगळी अडकवायची. उजवा हात कॅट झाकायला आला की त्याने खालचा गठ्ठा दोन्ही टोकांना धरायचा, डाव्या बोटांनी वरचा गठ्ठा अलगद बाहेर ओढून खाली घालायचा. दोन अर्ध्यांची अदलाबदल झाली, पत्ता वर. हॉफमनसाठी हा जादूगाराचा पाया आहे. सगळं पत्त्यांचं प्रकरण तो इथूनच सुरू करतो.

अर्डनेसकडे पासचे प्रकार आहेत. तो त्यांना 'शिफ्ट' म्हणतो, एका हाताचा, दोन हातांचा, स्वतःच्या नावाचा. पण टेबलावरच्या नेहमीच्या हालचालीत बेमालूम खपून जाईल असा शिफ्ट अजून कुणी शोधलेला नाही, अशी त्याची साफ कबुली आहे. त्याचा खरा जीव पिसण्यात आहे. उघड-उघड, सगळ्यांसमोर, निवांत पिसायचं आणि हवा तो पत्ता हव्या त्या जागी ठेवायचा.

ह्यूगार्ड-ब्राउ 'साइड स्लिप'चं अख्खं प्रकरण पुढ्यात टाकतात. कॅट नीट करण्याच्या निमित्ताने उजवा हात वर येतो, डावी बोटं तो एकच पत्ता बाजूने उजव्या तळव्यात सरकवतात, आणि उजवा हात तो वर ठेवतो. कल्पना सुरेख. पण ती कशी करायची याच्या रीती इतक्या, की कुठली धरावी हे लेखक सांगत नाहीत.

मी तिन्ही केल्या. पासला सात-आठ महिने दिले आणि अजूनही मावशीसमोर करायची हिंमत होत नाही. साइड स्लिप चार महिन्यांत जमली, पण कॅटच्या उजवीकडे कुणी बसलेलं नसेल तरच. अर्डनेसचं पिसणं तीन आठवड्यांत जमलं आणि ते आजवर एकदाही पकडलं गेलेलं नाही. फक्त एकदा त्यावर टोमणा पडला. तो पुढे येईल.

हॉफमन: दुसऱ्या पत्त्यांसाठी लिहिलेलं पुस्तक

हॉफमन हे टोपणनाव. माणूस मूळचा लंडनचा बॅरिस्टर, अँजेलो लुईस. वकील असल्याचं पुस्तकात पानोपानी दिसतं. वाक्य सुरू झालं की अटी-शर्तींसह ते सहा ओळींनी संपतं. पण मुद्दा सुटत नाही. आज काय करणार आहात ते प्रेक्षकाला आधी सांगू नका, एकाच बैठकीत तोच प्रयोग पुन्हा करू नका, हे दोन दंडक आजही प्रत्येक शिक्षक सांगतो. त्याच्याकडे ते सुरुवातीलाच आहेत.

अडचण पत्त्यांची. तो शिफारस करतो ते युरोपातले पातळ, लहान पत्ते, आणि बावन्नांऐवजी पिके नावाच्या खेळाचा बत्तीस पत्त्यांचा कॅट. माझा हात काही लहान नाही, पण बावन्न पत्त्यांच्या आपल्या कॅटवर त्याचा पास करताना करंगळी आखडते ती यामुळेच. हे कळेपर्यंत मी स्वतःला नालायक समजत होतो. वीस पत्ते बाजूला काढून करून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, त्या काळी पत्त्यांच्या कोपऱ्यात छोटे आकडे आणि चिन्हं छापण्याची पद्धत नुकतीच रुजत होती. त्यामुळे काढलेला पत्ता चोरून बघायचं त्याचं तंत्र पूर्ण चेहरा दिसावा अशा बेताने रचलेलं आहे, कॅट पुस्तकासारखा जरा उघडून. आज कोपरा पाव इंच दिसला तरी पुरतो. म्हणून ते तंत्र मेलं, आणि ते मेल्याचं मला दुःख नाही.

पण त्याच प्रकरणात 'स्लिप' आहे, आणि त्या एका तंत्रासाठी मी हॉफमनला माफ करतो. हवा तो पत्ता सगळ्यात वर. कॅट डाव्या हातात, बोटं वरच्या पत्त्याच्या पाठीवर टेकलेली. प्रेक्षक सांगतो कुठे काटायचं, तुम्ही उजव्या हाताने वरचा गठ्ठा उचलता. बोटं दाबलेली असल्याने वरचा पत्ता जागच्या जागी राहतो आणि खालच्या गठ्ठ्यावर पडतो. प्रेक्षकाला वाटतं, आपण काटलं तिथला हा पत्ता. एवढंच. पाच मिनिटांत समजतं, एका रविवारी जमतं. आणि आपल्याकडचे किराणा दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचा थर असलेले गुळगुळीत पत्ते, ज्यांना जादूवाले नावं ठेवतात, ते या तंत्राला मुद्दाम बनवल्यासारखे आहेत. जरा जास्तच. पहिल्याच वर्षी गणपतीत मी हे केलं तेव्हा वरच्याबरोबर त्याच्या खालचाही पत्ता घसरत आला, आणि पुढे बसलेला सातवीतला एक मुलगा ओरडला, "काका, दोन आले!" दाब कमी हवा होता. हॉफमनने लिहिलेलं नाही, कारण त्याच्या पत्त्यांवर तो प्रश्नच नव्हता.

हॉफमन फुकट आहे. कॉपीराइट कधीच संपलाय, कायदेशीर स्कॅन मिळतात. पत्त्यांची प्रकरणं सुरुवातीलाच आहेत, पुढे नाणी, टोप्या, अंगठ्या असं सगळं येतं. तेवढी प्रकरणं वाचा आणि पुस्तक मिटा.

अर्डनेस

या पुस्तकावर जरा रेंगाळणार आहे.

लेखक कोण होता हे आजही ठरलेलं नाही. नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, यावरून शंभर तर्क झाले. १९०२ साली शिकागोत त्याने ते स्वतःच छापलं. चित्रं एम. डी. स्मिथ नावाच्या चित्रकाराने काढली. पुढे १९४० च्या दशकात गणिती कोड्यांचा लेखक आणि जादूचा शौकीन मार्टिन गार्डनर याने त्या स्मिथला शोधून काढलं, आणि म्हाताऱ्याला आठवत होती ती एका हॉटेलची खोली आणि थंडी. प्रस्तावनेत लेखक सरळ सांगतो की पुस्तक विकलं जावं, कारण पैशाची गरज आहे. एवढा प्रामाणिक माणूस पत्त्यात लबाडी शिकवतो याची गंमत वाटते.

पुस्तकाचे दोन भाग. पहिल्यात जुगाराच्या टेबलावरची लबाडी, दुसऱ्यात जादूसाठीची हातचलाखी आणि काही प्रयोग. बहुतेक शिकणारे दुसऱ्या भागाकडे धावतात, पहिल्याला हात लावत नाहीत. विसरलेली तंत्रं हवी असतील तर पहिला भागच वाचा. तळाचा पत्ता वाटणं वगैरे सोडून द्या, तुम्हाला ते लागणार नाही, आणि लागत असेल तर तुमचा-माझा संबंध नाही. पण पिसण्याचा भाग सोनं आहे.

तो आधी शब्द ठरवतो. रन (एकेक पत्ता सोडणं), जॉग (पत्ता जरा बाहेर ठेवणं), ब्रेक (फट), अंडरकट (खालचा गठ्ठा काढून घेणं). एकेका शब्दाला एकच अर्थ. मग सगळ्या कृती त्या शब्दांत तारेसारख्या लिहितो. वरचे पत्ते वरच ठेवून पिसण्याची कृती अवघ्या दोन ओळींची आहे. त्या दोन ओळींवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, शेवटी वहीत मराठीत उतरवून काढली:

"खालून अर्धा घे. त्यातला पहिला पत्ता सोडताना पोटाकडे जरा बाहेर. बाकी त्यावर पीस. आता पोटाकडच्या पत्त्याच्या खालचं सगळं उचल, वर टाक."

बस. वरचे दहा पत्ते होते तिथेच, आणि बघणाऱ्याने तुम्हाला दोनदा पिसताना पाहिलेलं. पहिल्यांदा करताना पोटाकडचा पत्ता इतका बाहेर येतो की शेजारच्यालाही दिसतो. तो नखाच्या जाडीएवढाच बाहेर हवा. अंगठा त्याला खालून वर ढकलतो, तिथे फट पडते, आणि ती फट हाताला कळली पाहिजे, डोळ्याला नव्हे. मी रात्री गोधडीवर बसून हे करायचो, पत्ते पडले तरी आवाज होऊ नये म्हणून. तिसऱ्या आठवड्यात एकदा टीव्हीवर बातम्या बघत पिसत होतो आणि लक्षात आलं की हात आपोआप थांबून फट शोधतोय. त्या दिवशी हे तंत्र माझं झालं.

अर्डनेसचा दुसरा ठेवा 'डायगोनल पाम शिफ्ट'. प्रेक्षकाने अर्धा आत सरकवलेला पत्ता पूर्ण आत ढकलताना किंचित तिरका वळवायचा. तो कॅटमधून दुसऱ्या बाजूने डाव्या तळव्याकडे निघतो, उजवा हात कॅट घेऊन बाजूला होतो, पत्ता डाव्या तळव्यात. बघणाऱ्याला दिसतं ते फक्त पत्ता कॅटमध्ये गेल्याचं. याच्याइतकी सुंदर चोरी दुसरी नाही. आणि तरी घरगुती कार्यक्रमात ती फार कमी दिसते. का? कारण पत्ता डाव्या तळव्यात आल्यावर डाव्या हाताचं काय करायचं हा प्रश्न उरतो. जुगाऱ्याचा डावा हात टेबलावर विसावू शकतो. उभं राहून सोसायटीच्या मांडवात प्रयोग करणाऱ्याचा डावा हात रिकामा लोंबकळला की पाच वर्षांची पोरंही तिकडेच बघतात. मी दोन वर्षांनी उपाय शोधला. कॅट उजव्या हाताने प्रेक्षकाच्या हातात द्यायचा आणि डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरून खुर्ची पुढे ओढायची. हात भरलेला आहे आणि कामातही आहे. अर्डनेस वाचताना असे जोड तुम्हालाच द्यावे लागतात.

डाय व्हर्ननसारख्या माणसाने, १८९४ साली ओटावात जन्मलेला हा गृहस्थ विसाव्या शतकातल्या क्लोज-अप (प्रेक्षकाच्या अगदी जवळ बसून केलेल्या) जादूचा सर्वांत मोठा जाणकार मानला जातो, हे पुस्तक लहानपणापासून पाठ केलं होतं आणि म्हातारपणीही त्यावर टिपणं करत होता. यावरून घाबरायचंही कारण नाही आणि तेवढ्यावरून विकत घ्यायचंही कारण नाही. व्हर्ननकडे आयुष्य होतं. तुमच्याकडे रात्री जेवण झाल्यावरचा अर्धा तास असेल तर त्यातल्या चार गोष्टी निवडा.

मामाचा टोमणा

आता ती चौथी गोष्ट. अर्डनेसचं पिसणं पक्कं झाल्यावर मी ते गावी मामाकडे नेलं. मेंढीकोट चालला होता, वाटायची पाळी माझी. मी कॅट उभा धरून इंग्रजी पद्धतीने छान पिसला. मामा बघत राहिला.

"काय रे, हे असं कधीपासून पिसायला लागलास?"

"सहजच, मामा."

"सहज नाही. मागच्या मे महिन्यात नीट पिसत होतास."

नीट म्हणजे आपल्यासारखं. उजव्या हाताने कॅट मागून लांब कडांना धरायचा आणि डाव्या बोटांनी वरून झुपका-झुपका ओढून तळव्यात पाडायचा. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच पिसतात, आणि पाश्चात्त्य जादूच्या पुस्तकांत याचं नाव चक्क 'हिंदू शफल' आहे. आपण ज्याला नुसतं पिसणं म्हणतो, ते तिकडे स्वतंत्र प्रकरण.

गंमत म्हणजे या टोमण्याचं उत्तर अर्डनेसनेच देऊन ठेवलं होतं. तो पुन्हा पुन्हा सांगतो की लबाडी करताना आणि न करताना हालचाल एकसारखी दिसली पाहिजे. मी त्याचं तंत्र घेतलं आणि त्याचाच नियम मोडला, कारण साध्या डावात मी वेगळं पिसायचो आणि जादू करताना वेगळं.

घरी आल्यावर ह्यूगार्ड आणि ब्राउ यांचंच दुसरं पुस्तक उघडलं, 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. हे नवशिक्यांचं पुस्तक, पायरी-पायरीने बांधलेलं, म्हणून शेल्फवर धूळ खात होतं. त्यात हिंदू शफलवर प्रकरण आहे. प्रेक्षकाचा पत्ता डाव्या तळव्यातल्या गठ्ठ्यावर परत येतो, उरलेला कॅट त्यावर टाकतानाच तो पत्ता आणि त्याच्या खालचे दोन-तीन उजव्या बोटांनी चोरून उचलायचे, मध्ये फट ठेवायची, फटीपर्यंत पिसत राहायचं आणि शेवटचा झुपका वर टाकायचा. मामाला आजतागायत काही दिसलेलं नाही. मराठी घरात बसून प्रयोग करणाऱ्यासाठी अर्डनेसच्या सगळ्या बुद्धिमत्तेपेक्षा हे साधं प्रकरण जास्त उपयोगाचं आहे असं मी म्हणेन. तुम्ही परदेशात असाल आणि समोरचे सगळे कॅट उभा धरून नाहीतर टेबलावर दोन गठ्ठे फरफर मिसळून पिसणारे असतील, तर उलट. तिथे हिंदू शफलच डोळ्यावर येईल.

एक्स्पर्ट कार्ड टेक्निक: कोठार

चारशेहून जास्त पानं. डबल लिफ्ट, साइड स्लिप, पाम (पत्ता तळव्यात लपवणं), पास, क्रिम्प (खुणेसाठी पत्ता किंचित वाकवणं), फोर्स (आपल्याला हवा तोच पत्ता प्रेक्षकाला घ्यायला लावणं), प्रत्येकाच्या अनेक रीती, आणि शेवटी प्रेक्षकाचं लक्ष वळवण्यावर आणि सादरीकरणावर मजकूर. हा शेवटचा भाग लोक वाचत नाहीत. मी ते पुस्तक शेवटाकडून वाचायला सुरुवात केली असती तर दीड वर्ष वाचलं असतं.

ह्यूगार्ड मूळ ऑस्ट्रेलियाचा, पुढे अमेरिकेत गेलेला. म्हातारपणी दृष्टी गेली तरी जादूचं मासिक चालवत राहिला. ब्राउ कॅलिफोर्नियातला पत्रकार. लिहिण्याची पद्धत तिघांत सर्वांत सोपी, लहान वाक्यं, क्रमाने कृती. जुन्या इंग्रजीची भीती असेल तर हेच घ्या. पण श्रेयाच्या बाबतीत पुस्तकाचं नाव फारसं चांगलं नाही. त्या काळच्या जादूगारांनी जिवापाड जपलेली तंत्रं त्यात आली म्हणून बराच राग होता, व्हर्ननच्या मंडळींत तर खासच. शिकणाऱ्याला याचा तोटा असा की कुठली रीत कुणाच्या हाताची, कुणी ती कशासाठी केली, हे कळत नाही. रीत दिसते, माणूस दिसत नाही. अर्डनेसचं नाव माहीत नसूनही त्याच्या पुस्तकात माणूस दिसतो, हे जरा विचित्रच.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक प्रकरणातल्या सगळ्या रीती एकाच संध्याकाळी एकदा-एकदा करून बघायच्या. ज्या रीतीत बोटं आधीच ठरलेल्या जागी असतात, म्हणजे काही नवी पकड घ्यावी लागत नाही, तिच्यावर पेन्सिलने टिंब. बाकी प्रकरण बंद. या पद्धतीने चारशे पानांतून माझ्याकडे सात टिंबं उरली. त्यातली तीन आता रोजच्या वापरात आहेत.

पत्ते आणि पाऊस

निवड करताना पुस्तकाइतकाच कॅट महत्त्वाचा. तिन्ही पुस्तकं कागदी पत्ते धरून लिहिलेली. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर कागदी पत्ते वाकतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात. अर्डनेसचा पोटाकडचा पत्ता अशा वेळी शेजाऱ्याला घेऊनच बाहेर येतो. मी चार महिने प्लॅस्टिकच्या पत्त्यांवर स्लिप आणि हिंदू शफल करतो, कागदी कॅट डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवतो, आणि दसऱ्यानंतर पुन्हा अर्डनेसकडे वळतो. सावंतवाडीचा गंजिफा कुणी तरी भेट दिला तर मात्र यातलं काहीच करू नका. गोल पत्त्याला कोपरेच नसतात, डायगोनल कुठून आणणार. शिवाय तो हाताने रंगवलेला असतो.

तर मग कुठलं?

आठवड्यातून दोन-तीन तास असतील आणि घरच्यांसमोर काहीतरी नवं करायचं असेल तर हॉफमनची पत्त्यांची प्रकरणं फुकट वाचा, त्यातली स्लिप उचला, आणि सोबत 'रॉयल रोड'मधलं हिंदू शफल. खर्च एका पुस्तकाचा. दिवाळीपर्यंत दोन्ही जमतील.

रोज अर्धा तास देऊ शकत असाल, इंग्रजी जड वाटत असेल आणि एकाच गोष्टीवर महिनोन्‌महिने बसायचा स्वभाव नसेल तर 'एक्स्पर्ट कार्ड टेक्निक'. डोव्हर प्रकाशनाची छापील आवृत्ती बरी. मोबाइलवर चारशे पानं चाळून टिंबं मारता येत नाहीत. टिंबं पहिल्या महिन्यातच मारा, नाहीतर ते पुस्तक तुम्हाला वर्षभर नुसतं फिरवेल.

अर्डनेस त्यांच्यासाठी, ज्यांना एखादं वाक्य तीनदा वाचून चौथ्यांदा हातात घेण्यात मजा वाटते. तोही कॉपीराइटच्या बाहेर आहे, फुकट मिळतो, पण माझ्याकडे दोन छापील प्रती आहेत. एक टेबलावर उघडी पडून पडून खिळखिळी झालेली. त्याच्या बाबतीत एक अट. आधी स्वतःला विचारा की कुणी बघत नसताना तुम्ही कसे पिसता. उत्तर उभं असेल तर पिसण्यापासून सुरू करा. उत्तर मामासारखं असेल तर पिसण्याचं प्रकरण नुसतं समजून घेण्यासाठी वाचा आणि सरळ डायगोनल पाम शिफ्टवर उडी मारा. ते दोन्ही पद्धतींत चालतं.

व्हिडिओचं काय, असं कुणी विचारेलच. व्हिडिओ वेळ वाचवतो. पण त्यात दुसऱ्याच्या हाताची लय तुमच्या हातात येऊन बसते, मग ती काढायला वर्ष जातं. माझा नियम असा की आधी पुस्तकातून महिनाभर चुकायचं, नंतर व्हिडिओत तपासायचं. निम्म्या वेळा व्हिडिओवाल्याने पुस्तकातली एक ओळ गाळलेली असते आणि नेमकी तीच महत्त्वाची निघते.

एक राहिलं. घरात हे सगळं कळलं की पत्ते वाटायचा तुमचा हक्क जातो. गेल्या दिवाळीत तीन पत्ती सुरू झाली तेव्हा वहिनीने कॅट माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही फक्त काटा." मी काटला. स्लिपची फार इच्छा झाली होती.